चतुःसीमेत न लिहिलेला शेजारी

१८ एप्रिल २०२३ रोजी साक्री तालुक्यातील वासखेडी शिवारात एका कारखान्याला आग लागली आणि त्या आगीत चार महिला कामगारांचा बळी गेला. तेथे तयार होणारी वस्तू अगदीच क्षुल्लक होती. वाढदिवसाच्या केकवर लावतात ती, क्षणभर ठिणग्यांचे कारंजे उडवणारी शोभेची मेणबत्ती. ज्या घरांत वाढदिवसाचा केक क्वचितच कापला जातो, अशा घरांतल्या बायका दुसऱ्यांच्या वाढदिवसांची रोषणाई तयार करीत असताना जळून गेल्या. त्यानंतर आठ महिनेही उलटले नाहीत तोच, ८ डिसेंबर २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडजवळच्या तळवडे येथे हीच वस्तू बनवणाऱ्या विनापरवाना कारखान्यात आग लागली. त्या दिवशी सहा महिला मेल्या आणि पुढे इस्पितळात मृतांचा आकडा दहाच्या वर गेला. साक्रीत जे घडले त्यापासून तळवड्याने काही शिकू नये, इतकी आपली शासनयंत्रणा बधिर आहे, एवढाच याचा अर्थ.

अशा घटनांची चर्चा नेहमी कामगारांच्या मृत्यूपाशी सुरू होते आणि नुकसानभरपाईच्या घोषणेपाशी संपते. कामगारांचा मृत्यू हा त्यातला पहिला आणि सर्वांत मोठा अन्याय आहे, यात शंका नाही. परंतु या प्रश्नाला दुसरीही एक बाजू आहे आणि तिच्याकडे श्रमिकांच्या चळवळीनेही पुरेसे लक्ष दिलेले नाही. जो धंदा आज शिवारातल्या शेडमध्ये चालतो तोच उद्या गावातल्या एखाद्या घराच्या मागच्या खोलीत चालू शकतो, आणि त्या घराला लागून असलेले घर कोणीतरी विकत घेत असते. हा घेणारा कोण? तो काय पाहून घेतो? आणि त्याने काय पाहायला हवे होते, हे त्याला सांगण्याची जबाबदारी कोणाची?

'घर पाहावे बांधून' असे आपल्याकडे म्हणतात, ते उगीच नव्हे. साक्रीसारख्या तालुक्याच्या गावी घर घेणारे कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. नवरा एस.टी.त वाहक, किंवा आश्रमशाळेत शिक्षक, किंवा सुरत-नागपूर महामार्गावर एखाद्या गॅरेजमध्ये मिस्त्री. बायको अंगणवाडीत. पंधरा-वीस वर्षांची बचत, थोडे दागिने मोडून आलेले पैसे, भाऊबंदांकडून हातउसने आणि उरलेले बँकेचे किंवा पतपेढीचे कर्ज. आयुष्यात एकदाच होणारी ही खरेदी असते. त्यासाठी हे कुटुंब शक्य ती सर्व काळजी घेते. उतारा काढते, बिनशेतीचा आदेश पाहते, घरपट्टीची पावती मागते, वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल करून घेते. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत मुद्रांक शुल्क भरून खरेदीखत नोंदवले जाते. त्या खरेदीखतात मिळकतीची चतुःसीमा लिहिलेली असते: पूर्वेस अमुक यांचे घर, पश्चिमेस रस्ता, दक्षिणेस अमुक क्रमांकाचा प्लॉट, उत्तरेस अमुक यांची मिळकत.

पूर्वेस अमुक यांचे घर आहे, हे कागद सांगतो. त्या घरात काय चालते, हे कागद सांगत नाही. तेथे घरगुती सिलिंडरमधून रिक्षांत गॅस भरला जातो का, शोभेच्या दारूची भुकटी कालवली जाते का, जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवले जाते का, सोने-चांदी शुद्ध करण्यासाठी आम्लाच्या वाफा उडतात का, विहिरीच्या सुरुंगाचे जिलेटिन पलंगाखाली ठेवलेले आहे का, यांपैकी एकाही प्रश्नाला खरेदीखतात जागा नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने विकणाऱ्यावर मिळकतीतील महत्त्वाचा दोष सांगण्याचे बंधन घातले आहे. मात्र तो दोष विकल्या जाणाऱ्या मिळकतीतला किंवा तिच्यावरील हक्कातला असावा लागतो. दोष शेजारच्या घरात असेल, तर विकणारा गप्प राहतो आणि कायदा त्याच्या मौनाला सहसा हात लावत नाही. बँकेचा मूल्यांकनकार भिंतीची जाडी मोजतो, पण भिंतीपलीकडे काय आहे हे तो विचारत नाही. कर्जफेड होत राहील की नाही, एवढीच त्याच्या मालकाची चिंता असते.

आणि मग एक गोष्ट हमखास घडते. अशा घराची किंमत आजूबाजूच्या घरांपेक्षा थोडी कमी असते. गावातला सुस्थित माणूस चौकशी करतो, कोणीतरी त्याच्या कानात सांगते आणि तो दुसरीकडे घर घेतो. ज्याच्या कानात सांगायला कोणी नाही, किंवा सांगितले तरी ज्याच्यापाशी दुसरीकडे जाण्याइतके पैसे नाहीत, तो ते घर घेतो. बाजाराच्या भाषेत याला स्वस्त सौदा म्हणतात. वस्तुतः किमतीतली ती सूट म्हणजे त्या कुटुंबाच्या जिवाचे मोल असते, आणि ते ठरवण्यात त्या कुटुंबाचा काही वाटा नसतो. धोका नेहमी उताराच्या दिशेने वाहतो. तो मोठ्या कारखान्यातून लहान कारखान्यात, लहान कारखान्यातून घरात आणि श्रीमंताच्या शेजारातून गरिबाच्या शेजारात येऊन थांबतो.

हा धोका कल्पनेतला नाही. शोभेच्या दारूच्या मिश्रणात जळणारा पदार्थ आणि त्याला प्राणवायू पुरवणारा पदार्थ एकत्रच असतात. म्हणून ते पेटले की झाकून किंवा कोंडून विझत नाही, उलट कोंडलेल्या जागेत त्याचा स्फोट होतो. घर्षण, साधी ठिणगी किंवा पत्र्याखाली साठलेली उन्हाळ्याची उष्णता एवढे निमित्त त्याला पुरते. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळू लागला की तो जमिनीलगत पसरतो, उंबरठा ओलांडतो, गटारीत उतरतो आणि शेजारच्या घरातल्या देवघराच्या समईपर्यंत पोहोचतो. हवेत त्याचे प्रमाण शेकडा दोनच्या आसपास झाले की तो पेट घेऊ शकतो. शिसे वितळवण्याचा धूर तर आवाजही करीत नाही. तो अंगणात खेळणाऱ्या मुलांच्या रक्तात साठत जातो आणि त्यांच्या बुद्धीची वाढ खुंटवतो. आगीची बातमी वर्तमानपत्रात येते, शिशाची येत नाही, एवढाच दोहोंत फरक.

खानदेशाला या गोष्टी नव्या नाहीत. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी शिरपूर तालुक्यातील वाघाडी येथे रासायनिक कारखान्यात स्फोट झाला आणि दहाहून अधिक माणसे दगावली. तो कारखाना तरी उघड उघड कारखाना होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये जळगाव शहरात इच्छादेवी चौकाच्या परिसरात मोटारीत बेकायदा गॅस भरला जात असताना स्फोट झाला. होरपळलेल्यांपैकी काहींचा पुढे मृत्यू झाला. तेथे कारखान्याची पाटीही नव्हती. होती ती भरवस्ती आणि येणारी-जाणारी माणसे. खानदेशापासून फार दूर नसलेल्या झाबुआ जिल्ह्यातील पेटलावद येथे १२ सप्टेंबर २०१५ रोजी भरवस्तीतल्या एका इमारतीत साठवलेल्या स्फोटकांचा स्फोट झाला आणि सत्तरहून अधिक माणसे मेली. विहिरी आणि खाणींच्या कामासाठी आणलेला तो साठा होता. धूर दिसला म्हणून गोळा झालेली माणसे आणि शेजारच्या हॉटेलात चहा-नाश्ता घेणारी माणसे त्यात सापडली. इमारतीत काय ठेवले आहे हे ठाऊक असते, तर धूर पाहून ती माणसे जवळ गेली नसती, पळाली असती. शेजाऱ्याला माहिती नसणे हेच तेथे मृत्यूचे एक कारण ठरले.

आणखी एक बाब ध्यानात घ्यावी लागेल. धोकादायक धंद्याचा सर्वांत जवळचा शेजारी पुष्कळदा धंदेवाला स्वतःच असतो. ३० ऑगस्ट २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडमधील चिखली येथे दुकानाला आग लागून पोटमाळ्यावर झोपलेले चार जणांचे कुटुंब गेले. ३ एप्रिल २०२४ रोजी छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात खाली कपड्याचे दुकान आणि वर बिऱ्हाड असलेल्या घरात पहाटे धूर कोंडला आणि सात जण गुदमरून मेले. १८ मे २०२५ रोजी सोलापूरच्या औद्योगिक वसाहतीत कापड कारखान्याला आग लागली, तेव्हा कारखान्याच्या आवारातच राहणारा मालक, त्याचे कुटुंबीय आणि कामगार कुटुंबातील माणसे मिळून आठ जण दगावले. अशा ठिकाणी मालक आणि मजूर यांची प्रेते एकाच रुग्णवाहिकेतून जातात. तेव्हा घरात धंदा चालवणाऱ्या प्रत्येकाला नफेखोर खलपुरुष ठरवून हा प्रश्न सुटणारा नाही. त्याची मुळे अधिक खोल आहेत.

घरात धंदा का चालतो? कारण घर ही सर्वांत स्वस्त शेड आहे. तेथे वेगळे भाडे नाही, घरगुती दराची वीज आहे, घरातल्या बायका-मुलांचे फुकट हात आहेत आणि मुख्य म्हणजे तपासणीला येणारा कोणी नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याने विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा आणि विजेशिवाय चालणाऱ्या ठिकाणी वीस कामगार अशी मर्यादा घातली होती. महाराष्ट्राने २०१५ मध्ये ती अनुक्रमे वीस आणि चाळीस केली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने तीच मर्यादा देशभर लागू केली. 'उद्योग करणे सुलभ व्हावे' म्हणून हे केले, असे सांगितले गेले. सुलभ झाले ते हे, की एका मालकाने चार ठिकाणी दहा-दहा बायका बसवल्या तर कागदोपत्री कारखाना कोठेच उरत नाही. जुन्या कायद्यानेही कामगारसंख्या कमी असताना तरतुदी लागू करण्याचा अधिकार राज्य शासनाला दिला होता. मात्र जेथे मालक केवळ स्वतःच्या कुटुंबाच्या मदतीने काम करतो, ती जागा त्या अधिकाराच्याही बाहेर ठेवली होती. जणू कुटुंबातल्या माणसांना आग भाजत नाही! नव्या संहितेत एकच कामगार असला तरी धोकादायक आस्थापनेला ती लागू करण्याचा अधिकार शासनाला आहे. पण त्यासाठी अधिसूचना काढावी लागते, आणि अधिसूचना प्रेते मोजून झाल्यावर काढण्याची आपल्याकडे परंपरा आहे.

मोठ्या व्यापाऱ्याला ही व्यवस्था सोयीची आहे. माल तयार होतो कोणाच्या तरी ओसरीवर आणि विकला जातो महानगरातल्या दुकानात. मधल्या साखळीत व्यापाऱ्याचे नाव कोठेही येत नाही. कामाचा मोबदला नगावर, साठ्याचा धोका बाईच्या घरात आणि आग लागली तर गुन्हा स्थानिक चालकावर. घरी बसून केल्या जाणाऱ्या कामासंबंधी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये १७७ क्रमांकाचा करार मंजूर केला. घरून काम करणाऱ्यांना सुरक्षिततेसह इतर कामगारांच्या बरोबरीचे संरक्षण द्यावे, असे तो म्हणतो. भारताने त्यास अद्याप मान्यता दिलेली नाही.

आता कोणी म्हणेल, धंदा तेथे पूर्वीपासून होता, घर घेणारा मागून आला, मग त्याने तक्रार का करावी? हा युक्तिवाद आपल्या गावागावांतून ऐकू येतो. त्याचे उत्तर फार पूर्वीच देऊन झालेले आहे. लंडनमध्ये एक मिठाईवाला आपल्या घरामागच्या स्वयंपाकघरात वीस वर्षांहून अधिक काळ मोठ्या खलबत्त्यांनी काम करीत असे. शेजारच्या डॉक्टरने आपल्या बागेच्या टोकाला तपासणीची खोली बांधली, तेव्हा खलबत्त्याच्या धक्क्यांनी तिचा वापर अशक्य झाला. १८७९ मध्ये इंग्लंडच्या न्यायालयाने निकाल दिला तो डॉक्टरच्या बाजूने. शेजारी मागून आला एवढ्यावरून उपद्रव न्याय्य ठरत नाही, असे ते तत्त्व. खलबत्त्याच्या आवाजाबाबत जे खरे, ते स्फोटकांबाबत अधिक खरे मानायला हवे.

मात्र न्यायालयात जाऊन निकाल मिळवणे आणि घर घेण्यापूर्वी माहिती मिळणे यांत महदंतर आहे. येथे नेदरलँड्समधील एन्शेडे या शहराचा अनुभव विचार करण्याजोगा आहे. १३ मे २००० रोजी तेथील फटाक्यांच्या गोदामाचा स्फोट झाला. २३ माणसे मेली, सुमारे साडेनऊशे जखमी झाली आणि जवळपास चारशे घरे उद्ध्वस्त झाली. ती वस्ती प्रामुख्याने कामगारांची होती. आपल्या गल्लीच्या टोकाला एवढा दारूगोळा आहे, हे कित्येक रहिवाशांना स्फोटानंतर कळले. त्या आपत्तीनंतर त्या देशाने धोक्यांचा सार्वजनिक नकाशा तयार केला. कोणत्या ठिकाणी कोणता धोकादायक साठा आहे, हे कोणाही नागरिकाला त्यावर पाहता येऊ लागले. भांडवलशाही देशानेदेखील एवढे शहाणपण दाखवले, आणि जेथे जमिनीच्या प्रत्येक गुंठ्याची नोंद ठेवणारा तलाठी आहे, तेथे शेजारच्या घरातल्या स्फोटकांची नोंद नागरिकाला पाहता येऊ नये, हे आश्चर्यच म्हणायचे.

आपल्याकडे नोंदी मुळीच नाहीत असे नाही. १८८४ चा स्फोटक अधिनियम आहे, २००८ चे स्फोटक नियम आहेत. त्यांनुसार परवाना लागतो, जिल्हा प्रशासनाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि वस्तीपासून सुरक्षित अंतर ठेवावे लागते. या कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय तर महाराष्ट्रातच, नागपूरला आहे. पण परवान्याची फाईल धुळ्याच्या कचेरीत राहते आणि स्फोट साक्रीच्या शिवारात होतो. ज्याला परवाना आहे त्याची माहिती शेजाऱ्याला नाही आणि ज्याला परवानाच नाही त्याची माहिती कचेरीला नाही. गल्लीतल्या पोराला मात्र सर्व ठाऊक असते. रिक्षात गॅस कोठे भरून मिळतो हे गावातला प्रत्येक रिक्षावाला सांगू शकतो. ते तपासणी अधिकाऱ्याला सांगता येत नाही, याचे कारण अज्ञान असेलच असे नाही.

येथे कार्यकर्त्यांनी स्वतःकडेही पाहावे. वॉर्डात असा धंदा चालू असल्याचे अनेकदा आपल्यालाही ठाऊक असते. धंदेवाला ओळखीचा असतो, गणेशोत्सवाला वर्गणी देतो, मोर्चाला चार माणसे पाठवतो. त्याच्याकडे काम करणाऱ्या बायका आपल्याच वस्तीतल्या असतात. 'गरिबाच्या पोटावर पाय कशाला आणायचा' असे म्हणून आपण गप्प बसतो. ही भावना खोटी नाही. पांझरा-कान सहकारी साखर कारखाना बंद पडलेला, शेती पावसावर अवलंबून, दर हंगामाला ऊसतोडीसाठी घरदार सोडून जाणारी कुटुंबे, अशा तालुक्यात गावातच मिळणारी दिवसाची मजुरी ही किरकोळ गोष्ट नाही. म्हणूनच नवे घर घेतलेला शिक्षक तक्रार करतो, तेव्हा वस्ती त्याच्याकडे संशयाने पाहते. कालचा आलेला माणूस, याला आमच्या रोजगाराचे काय, असा तो संशय असतो.

हा पेच खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. पण गप्प बसल्याने कोणाचे पोट भरते, हेही विचारले पाहिजे. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी मध्य प्रदेशातील हरदा येथे वस्तीलगतच्या फटाका कारखान्यात स्फोट झाला. दहाहून अधिक माणसे मेली, दोनशेच्या आसपास जखमी झाली आणि शेजारच्या गोरगरिबांची घरे जळाली. पुढे १ एप्रिल २०२५ रोजी गुजरातमधील डीसा येथे फटाक्यांच्या गोदामात स्फोट होऊन २१ जण मेले. ते मजूर आणि त्यांचे कुटुंबीय होते, आणि आले होते हरदा व देवास जिल्ह्यांतून. याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. एका गावातला धंदा मोडला आणि तेथील मजुराला दुसरे काम मिळाले नाही, तर तो त्याच धंद्याच्या मागे दुसऱ्या राज्यात जातो आणि तेथे मरतो. शेजाऱ्याचे घर वाचते, मजुराचा मृत्यू फक्त पत्ता बदलतो. म्हणून 'धंदा बंद करा' ही मागणी एकटी, अपुरी आहे. ती अर्धी मागणी मध्यमवर्गाची असते. श्रमिकांच्या चळवळीने ती पूर्ण केली पाहिजे.

पूर्ण मागणी अशी: धोकादायक प्रक्रिया राहत्या घरातून बाहेर गेलीच पाहिजे, आणि त्यावर जगणाऱ्या मजुराचे काम मात्र जाता कामा नये. ग्रामपंचायतीने किंवा नगरपंचायतीने वस्तीपासून सुरक्षित अंतरावर जागा द्यावी. शासनाने तेथे उघडणारी दारे, वायुवीजन, पाण्याची सोय आणि विभागलेले साठे असलेल्या शेड बांधाव्यात. काम करणाऱ्या स्त्रियांच्या सहकारी संस्थेला त्या प्राधान्याने मिळाव्यात. ज्या व्यापाऱ्यासाठी माल तयार होतो, त्याचे नाव परवान्यावर असावे आणि अपघाताची भरपाई त्याच्याकडून वसूल व्हावी. १९८६ मध्ये दिल्लीतील वायुगळतीच्या प्रकरणात सरन्यायाधीश भगवती यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने तत्त्व घालून दिले आहे: जो उद्योग धोकादायक काम करून नफा मिळवतो, त्याच्यावर अपघाताची जबाबदारी निरपवाद असते. 'आम्ही काळजी घेतली होती' हा बचाव त्याला करता येत नाही. भोपाळच्या दुर्घटनेची जखम ताजी असताना आलेले हे तत्त्व केवळ मोठ्या कंपन्यांसाठी आहे, असे समजून लहान धंद्यामागे दडलेल्या मोठ्या व्यापाऱ्याला मोकळे सोडता येणार नाही.

दुसरी मागणी माहितीची. नगरपंचायतीने आणि प्रत्येक ग्रामपंचायतीने धोकादायक वापराची नोंदवही ठेवावी. जागा, पदार्थ, जास्तीत जास्त साठा, परवान्याची मुदत आणि शेवटच्या तपासणीची तारीख एवढी माहिती तीत असावी, आणि ती कचेरीच्या फलकावर लागावी. वर्षातून किमान एकदा तिचे वाचन ग्रामसभेत व्हावे. खरेदीखत नोंदवताना शोध अहवालाबरोबर या नोंदवहीचा उतारा जोडणे सक्तीचे व्हावे. ज्या बँका आणि पतपेढ्या घरासाठी कर्ज देतात, त्यांनी तो पाहिल्याशिवाय कर्ज मंजूर करू नये. यासाठी कोट्यवधींची योजना लागत नाही. एक वही, एक प्रामाणिक ग्रामसेवक आणि वाचून दाखवा म्हणणारी जागरूक ग्रामसभा एवढे पुरते.

हे होईपर्यंत हाताशी आहेत ती साधने वापरली पाहिजेत. माहिती अधिकार कायद्याखाली परवान्यांची यादी मागता येते. एरवी उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असली, तरी जीविताचा प्रश्न असेल तर ४८ तासांत माहिती देण्याचे बंधन आहे. एखाद्या धंद्यामुळे लोकांचे आरोग्य धोक्यात येत असेल किंवा स्फोटकांच्या वापरामुळे आग लागण्याचा संभव असेल, तर तो थांबवण्याचा किंवा हलवण्याचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतो. पूर्वी हा अधिकार फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १३३ व्या कलमात होता, १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १५२ व्या कलमात आहे. याच १३३ व्या कलमाचा आधार घेऊन रतलाम शहरातल्या एका वस्तीतील नागरिकांनी उघड्या गटारांविरुद्ध आणि मद्यार्काच्या कारखान्यातून येणाऱ्या सांडपाण्याविरुद्ध दंडाधिकाऱ्याकडे दाद मागितली होती. नगरपालिकेने पैसे नसल्याचे कारण पुढे केले. १९८० मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते फेटाळून लावले. नागरिकांच्या आरोग्याचे रक्षण हे नगरपालिकेचे कर्तव्य आहे आणि रिकाम्या तिजोरीकडे बोट दाखवून ते टाळता येत नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. रतलामच्या साध्या रहिवाशांना जे जमले, ते साक्रीच्या रहिवाशांना न जमण्याचे कारण नाही. मात्र अर्जावर एकट्या नव्या शेजाऱ्याची सही असली, तर तो भांडखोर ठरतो. तीच मागणी संपूर्ण गल्लीने आणि तेथे काम करणाऱ्या बायकांनी मिळून केली, तर तिचे लोकांच्या लढ्यात रूपांतर होते. ही जुळणी करणे हे कार्यकर्त्याचे काम आहे.

घर घेऊ पाहणाऱ्या कुटुंबालाही कार्यकर्त्याने चार गोष्टी सांगाव्यात. घर एकदा दिवसा आणि एकदा रात्री पाहावे, कारण पुष्कळ धंदे रात्रीच जागे होतात. शेजारच्या दारात बिऱ्हाडाच्या मानाने अधिक सिलिंडर दिसतात का, खिडक्या सदैव बंद का असतात, मालाचे टेम्पो अवेळी का येतात, याची चौकशी करावी. गल्लीत अग्निशामक बंब वळू शकेल का, हे स्वतः चालून पाहावे. आणि सर्वांत महत्त्वाचे, त्या घरात कामाला जाणाऱ्या बाईला विचारावे. परवान्यावर काय लिहिले आहे याची तिला कल्पना नसेल, पण तिच्या हातांची आग होते का, दुपारी डोके दुखते का, पूर्वी कधी भडका उडाला होता का, हे तिच्याइतके खरे कोणी सांगणार नाही. घर घेणारा आणि ती कामगार बाई, यांच्यात भिंत एकच आहे. ती पेटली तर दोघांनाही तेच भोगावे लागणार आहे. म्हणूनच त्यांचे हितसंबंध परस्परविरोधी आहेत, असे जो भासवतो तो मालकाचे काम करतो.

वासखेडीच्या चार स्त्रियांचा उल्लेख आता बातम्यांत येत नाही. त्यांच्या मृत्यूनंतर साक्री तालुक्यात किती घरांची खरेदीखते नोंदवली गेली असतील! त्या प्रत्येकात चतुःसीमा काळजीपूर्वक लिहिली गेली असेल, पूर्व-पश्चिम चुकली नसेल, मोजमाप इंचभरही ढळले नसेल. त्या चार ओळींना पाचवी ओळ जोडली गेली पाहिजे: शेजारी काय चालते, आणि त्याची तपासणी कोणी, केव्हा केली. ही ओळ शासन आपण होऊन लिहिणार नाही. ती लिहून घ्यावी लागेल. येत्या ग्रामसभेत, नगरपंचायतीच्या येत्या बैठकीत एका कार्यकर्त्याने उभे राहून नोंदवही मागावी. ती नाही असे उत्तर मिळेल. ते उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्यावे, आणि तेथून कामाला लागावे.